व्हिएतनामी विद्यार्थ्यांना नोकरी, फुरसत आणि घरकामाचं इंग्रजी कसं शिकवावं

व्हिएतनामी भाषेत भांडी, भाजी आणि हात धुण्याला 'झुआ' म्हणतात. कपडे धुण्याला 'झात', केस धुण्याला 'गोय', तांदूळ धुण्याला 'वो' आणि आंघोळीला 'ताम'. इंग्रजीत यातल्या बहुतेक ठिकाणी 'वॉश' चालून जातं. आपल्याकडेही भांडी घासायची असतात, पेला विसळायचा असतो, कपडे धुवायचे असतात आणि डोक्यावरून न्हायचं असतं. पाण्याच्या कामांत हनोईतलं घर लंडनपेक्षा नाशिकला जास्त जवळचं आहे.

व्हिएतनामी विद्यार्थ्यांना ऑनलाइन इंग्रजी शिकवणाऱ्या मराठी शिक्षकाने हे जवळचं नातं वापरलं पाहिजे. बहुतेक जण शब्दांची यादी पाठवतात: डावीकडे इंग्रजी, उजवीकडे भाषांतर, पन्नास शब्द पाठ करा. विद्यार्थी ती मन लावून पाठ करतोही, पण बोलायला लागला की यादीतला एक शब्द त्याच्या मदतीला येत नाही. माझा आग्रह उलट्या वाटेने जाण्याचा आहे. त्याच्या भाषेतला रोजचा एक शब्द घ्यायचा, आणि इंग्रजीत त्याला किती फांद्या फुटतात ते त्याच्याबरोबर शोधायचं.

(खालचे व्हिएतनामी उच्चार हनोईकडचे आणि अंदाजे आहेत. उत्तरेकडच्या बोलीत सहा सूर आहेत, ते देवनागरीत लिहिता येत नाहीत.)

पायरी १: आधी त्याचा दिवस ऐका

पहिल्या तासाला काही शिकवू नका. "सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करता?" एवढंच विचारा आणि त्याची वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या. तिथल्या 2018 च्या शालेय अभ्यासक्रमात इंग्रजी तिसरीपासून सक्तीचं आहे आणि बारावीअखेर बी-वन, म्हणजे युरोपीय मोजपट्टीवरची मध्यम पातळी, अपेक्षित आहे. दहावीच्या एका प्रचलित पाठ्यपुस्तकाचा पहिलाच धडा कौटुंबिक जीवनावर आहे. त्यात 'होममेकर', 'लॉन्ड्री', 'ब्रेडविनर' हे शब्द येतात. त्यामुळे तरुण विद्यार्थ्याने हे शब्द पाहिलेले असतात, पण तोंडातून काढलेले नसतात. तुमचा पुढचा सगळा अभ्यासक्रम या वहीतल्या चुकांमधूनच तयार होईल.

तो तुम्हाला नुसतं 'टीचर' अशी हाक मारेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. व्हिएतनामीत शिक्षकाला 'थय' आणि शिक्षिकेला 'को' म्हणूनच हाक मारतात, आणि 'को' म्हणजे आत्यासुद्धा. समोरच्याशी बोलताना ताई, दादा, काका असं नातं लावल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. वयही याच कारणाने विचारतात.

पायरी २: 'ङी' हा एक शब्द नीट फोडा

आपल्या वर्णमालेत 'ङ' आहे, पण त्याने सुरू होणारा शब्द आपण रोज बोलत नाही. व्हिएतनामीत तो ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला सर्रास येतो. तिथलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव, न्गुयेन, त्यानेच सुरू होतं. 'ङी' म्हणजे थांबणं, विसावणं. नोकरीच्या शब्दांमधला सगळ्यात मोठा गुंता इथे आहे, म्हणून यावर एक अख्खा तास घालवा.

'ङी चुअ' म्हणजे दुपारची सुट्टी. 'ङी फेप' म्हणजे रजा. 'ङी व्हिएक' म्हणजे नोकरी सोडणं. 'ङी हिउ' म्हणजे निवृत्त होणं. 'ङी हॉक' म्हणजे वर्गाला दांडी मारणं, किंवा शिक्षणच सोडून देणं. विद्यार्थ्याच्या मनात हे सगळं एकाच खोडाला आलेलं असतं आणि त्या खोडासाठी त्याला 'रेस्ट' हा एकच इंग्रजी शब्द शिकवलेला असतो. मग तो म्हणतो, "टुडे आय रेस्ट." तो आडवा पडलेला नसतो, त्याला फक्त आज सुट्टी असते. "माय फादर रेस्टेड" म्हणतो तेव्हा वडील निवृत्त झालेले असतात. मराठीत सुट्टी, रजा, राजीनामा, निवृत्ती असे वेगवेगळे शब्द आहेत, त्यामुळे हा घोळ कुठून आला ते आपल्याला चटकन कळत नाही.

पानाच्या मधोमध 'ङी' लिहायला सांगा. मग प्रत्येक प्रसंगाला दोन प्रश्न विचारा: हा माणूस परत कामावर जाणार आहे का? आणि किती वेळाने? काही मिनिटांनी किंवा तासाभराने जाणार असेल तर 'टेक अ ब्रेक'. एका दिवसाने असेल तर 'हॅव अ डे ऑफ'. अर्ज देऊन काही दिवस थांबणार असेल तर 'टेक लीव्ह'. परत जाणारच नसेल आणि निर्णय स्वतःचा असेल तर 'क्विट', वय झालं म्हणून असेल तर 'रिटायर'. या दोन प्रश्नांनी तो स्वतःच उत्तरापर्यंत पोचतो. नंतर कुठेही अडला तरी हेच प्रश्न स्वतःला विचारू शकतो.

जाता जाता 'ङू चुअ'ही घ्या. ही दुपारची झोप, म्हणजे आपली वामकुक्षी. तिथे अनेक कार्यालयांत जेवणानंतर दिवे मंद करून लोक थोडा वेळ डोळे मिटतात. यासाठी 'टेक अ नॅप' शिकवा, कारण हे वाक्य त्याला रोज लागणार आहे. 'वीकएंड' मात्र जपून वापरा. तिथल्या कायद्यात कामाची मर्यादा आठवड्याला 48 तास आहे. शनिवारीही कामावर जाणाऱ्याचा वीकएंड रविवारपुरताच असतो.

याच तासात 'वर्क' आणि 'जॉब' वेगळे करा. 'वर्क' मोजता येत नाही, म्हणून 'मेनी वर्क्स' नाही, 'अ लॉट ऑफ वर्क'. 'जॉब' मोजता येतो. "आय वर्क अ‍ॅज अ‍ॅन अकाउंटंट" या वाक्यातला 'अ‍ॅन' तो हमखास गाळेल, कारण व्हिएतनामीत इंग्रजीसारखी उपपदं नाहीत. मराठीतही नाहीत. म्हणून तुमच्या कानालाही ते खटकणार नाही, तेव्हा आधी स्वतःचं वाक्य तपासा.

'ब्रेडविनर' समजावताना मात्र भाषांतराची मजा घ्या. उपजीविकेच्या साधनाला व्हिएतनामीत 'कन कउ कम' म्हणतात, म्हणजे भात पकडायचा गळ. इंग्रजाच्या पोटापाण्यात पाव आहे, त्यांच्या पोटापाण्यात भात आणि आपल्या पोटापाण्यात भाकरी. ही तीन ताटं शेजारी मांडली की शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही.

पायरी ३: 'डू' आणि 'मेक'

व्हिएतनामीत दोन्हींसाठी 'लाम', मराठीत दोन्हींसाठी 'करणे'. इथे गुरू आणि शिष्य एकाच नावेत आहेत. मी एक साधी कसोटी वापरतो. काम झाल्यावर हातात नवी वस्तू आली का? आली तर 'मेक': मेक लंच, मेक कॉफी, मेक अ शॉपिंग लिस्ट. नुसतं काम उरकलं असेल तर 'डू': डू द डिशेस, डू द लॉन्ड्री, डू द आयर्निंग. 'मेक द बेड' या कसोटीत बसत नाही, म्हणून तो वेगळा सांगा: पलंग तयार करायचा नाही, चादर-पांघरूण नीट लावायचं. आणि हे सगळे शब्द जोडीनेच लिहायला लावा. वहीत एकटा 'लॉन्ड्री' दिसला तर खोडा आणि 'डू द लॉन्ड्री' लिहायला सांगा.

पायरी ४: घरकाम त्यांच्याच घरातलं घ्या

'व्हिएक न्या', शब्दशः घरकाम. सुरुवात 'वॉश'पासून करा, कारण इथे त्याचे चार-पाच शब्द एका इंग्रजी शब्दात मिटतात आणि विद्यार्थ्याचा आत्मविश्वास वाढतो. त्यानंतर उलट्या बाजूच्या अडचणी घ्या.

दक्षिणेत दिवा 'उघडतात', म्हणून सायगॉनकडचा विद्यार्थी "ओपन द लाइट" म्हणतो. आपण दिवा 'लावतो'. दिवा, पंखा, टीव्ही या तिन्हींना 'टर्न ऑन' आणि 'टर्न ऑफ' एकदाच पक्कं करून टाका. भात शिजवणं आणि स्वयंपाक करणं यांना तिथे एकच शब्दप्रयोग आहे, म्हणून पूर्ण स्वयंपाक झाला तरी तो "आय कुक राइस" म्हणेल. त्याला 'कुक डिनर' द्या. तासाच्या सुरुवातीला तो तुम्हाला "जेवलात का?" असंही विचारेल. हा प्रश्न आपल्यासारखाच आपुलकीचा आहे. पण कामाच्या ठिकाणी इंग्रज साहेबाला तेच विचारलं तर त्याला ते जेवणाचं आमंत्रण वाटू शकतं, हे सांगून ठेवा.

'क्वेत' म्हणजे झाडणं: स्वीप. 'लाउ' म्हणजे पुसणं. इंग्रजीत मात्र फरशी 'मॉप' करायची आणि टेबल 'वाइप' करायचं. 'हुत बुइ' म्हणजे धूळ ओढून घेणं: व्हॅक्यूम. कचऱ्यासाठी 'थ्रो' नको, 'टेक आउट द रबिश' शिकवा. हनोईच्या गल्ल्यांत घंटा वाजली की लोक कचरा घेऊन गाडीपाशी येतात. घंटागाडी पाहिलेल्या मराठी शिक्षकाला हे दृश्य वर्णन करून सांगावं लागत नाही, आणि 'आउट' का येतो तेही त्या दृश्यातूनच कळतं: कचरा घराबाहेर न्यायचा असतो.

घरकामाचे शब्द शिकवायला उत्तम काळ म्हणजे तेत, त्यांचं चांद्र नववर्ष. वर्षाच्या शेवटच्या चांद्र महिन्याच्या तेविसाव्या दिवशी चुलीच्या देवांना निरोप देतात, आणि त्या सुमारास घराची साफसफाई जोरात असते. आपल्या दिवाळीच्या साफसफाईसारखीच. डस्ट, स्क्रब, पॉलिश, टायडी अप हे चार शब्द त्या आठवड्यात द्या, ते विसरले जाणार नाहीत. नववर्षाच्या पहिल्या दिवशी मात्र घर झाडत नाहीत, घरातलं भाग्य बाहेर जाईल म्हणून. लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीची पूजा करतो, हे तुम्ही त्याला सांगा आणि त्याची रीत त्याला इंग्रजीत सांगू द्या. अशा वेळी तो शब्दासाठी थांबत नाही, सांगण्याच्या ओढीने बोलत राहतो.

पायरी ५: फुरसतीचे शब्द

'डी चऽय' म्हणजे मौजेसाठी बाहेर पडणं. त्यातला 'चऽय' म्हणजे खेळणं, म्हणून तिशीतला अभियंता "आय प्ले विथ माय फ्रेंड्स" म्हणतो आणि ऐकणाऱ्याला विटी-दांडू आठवते. 'हँग आउट' आणि 'गो आउट' द्या.

दुसरा शब्द 'डान्य', मुळात मारणं. बॅडमिंटन 'मारतात', पियानो 'मारतात', पत्ते 'मारतात' आणि दातही 'मारतात', म्हणजे घासतात. इंग्रजीत पहिल्या तिन्हींना 'प्ले', दातांना 'ब्रश'. बाकी नियम थोडक्यात: चेंडू, पत्ते किंवा वाद्य असेल तर 'प्ले', क्रियापदाला '-इंग' लागलं असेल तर बहुधा 'गो' (गो स्विमिंग, गो फिशिंग), योगासनं, कराटे वगैरेंना 'डू'.

उदाहरणं त्यांच्या गावातली हवीत. स्कीइंग आणि बोलिंगची चित्रं बाजूला ठेवा. फुटपाथवर प्लॅस्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून प्यायची कंडेन्स्ड मिल्क घातलेली थंड कॉफी, पायाने फूल उडवायचा 'डा कउ' हा खेळ, कराओके, हनोईत होआन कीएम तळ्याभोवती शनिवार-रविवारी वाहनं बंद असताना मारलेली चक्कर: यांवर तो दहा वाक्यं सहज बोलेल.

पायरी ६: शब्दाचं शेपूट ऐकू आलं पाहिजे

व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजनं येतात: प, त, क आणि म, न, ङ, ञ यांसारखे ध्वनी. शेवटी स, श, झ, ल, ड, फ येत नाहीत. त्यामुळे 'ऑफिस', 'फोल्ड', 'शेल्फ', 'बिल्स' यांची शेपटं गळतात. क्रियापदाचं रूपही त्यांच्या भाषेत काळानुसार बदलत नाही, म्हणून 'क्लीन्ड'मधला 'ड' जातो आणि कालचं काम आज होतं.

यावर मला सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय: पुढे 'इट' जोडा आणि शेवटचं व्यंजन पुढच्या अक्षरावर ढकला. 'फोल्ड इट' हे 'फोल-डिट', 'प्रेस इट' हे 'प्रे-सिट', 'यूज इट' हे 'यू-झिट'. शब्दाच्या सुरुवातीला हे ध्वनी त्याला छान जमतात. आठवडाभर असं म्हटल्यावर 'इट' काढून घ्या. शेपूट बऱ्याचदा टिकतं.

'थ'कडे मात्र मराठी शिक्षकाने स्वतःसाठी लक्ष द्यावं. व्हिएतनामी लिपी रोमन आहे. तिला आकार देणाऱ्या मिशनऱ्यांपैकी अलेक्झांडर द ऱ्होड हा गोव्यामार्गे तिकडे गेला होता, आणि त्याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश 1651 साली रोममध्ये छापला गेला. त्या लिपीत 'टी-एच' म्हणजे आपला 'थ'. 'थर्सडे' आणि 'बाथरूम' विद्यार्थी अगदी आपल्यासारखे म्हणतो, म्हणून आपल्याला ते बरोबरच वाटतात. इंग्रजी 'टी-एच'ला मात्र जीभ दातांमध्ये आणावी लागते, आरशासमोर आधी आपण त्याचा सराव करावा.

पायरी ७: आठवड्याची घडी

दिवसाला सहा-सात जोड्या पुरे. दुसऱ्या दिवशी आधी कालच्या जोड्या वही मिटून विचारा, मग नव्या द्या. चौथ्या दिवशी पुन्हा, आठव्या दिवशी पुन्हा. हनोई आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे. पुण्यात संध्याकाळी साडेसहाला वर्ग घेतलात तर तिकडे आठ वाजलेले असतात, जेवण आणि भांडी नुकती झालेली असतात. म्हणून वर्गाची सुरुवात रोज एकाच प्रश्नाने करा: "आज भांडी कोणी घासली?" उत्तर पूर्ण वाक्यात घ्या, भूतकाळात घ्या, आणि 'वॉश्ट'चा शेवट कानावर पडेपर्यंत पुढे जाऊ नका.