स्कोअर बदलण्याआधी तो वाचायला शिका

सर्चच्या टीममध्ये नव्याने आलेल्यांच्या वाट्याला हमखास एक तक्रार येते: ‘हा निकाल सगळ्यात वर कसा काय?’ हात लगेच बूस्टकडे, म्हणजे एखाद्या भागातल्या जुळणीचं वजन वाढवणाऱ्या गुणकाकडे जातो. शीर्षकाला ५, मजकुराला १, बघू काय होतं. मी नव्या सहकाऱ्यांना तिथेच थांबवते आणि एक्सप्लेन (निकालाला स्कोअर कसा मिळाला ते दाखवणारी सोय) चालू करून तीच क्वेरी, म्हणजे तोच शोध, पुन्हा चालवायला लावते.

इलास्टिकसर्च या सर्च इंजिनमध्ये एक्सप्लेन लावलं की प्रत्येक निकालाच्या स्कोअरचा, म्हणजे त्याचा क्रम ठरवणाऱ्या आकड्याचा, हिशेब उलगडतो. आवृत्ती ५.० पासून, म्हणजे २०१६ पासून, तिथे मुळातच बीएम२५ हे स्कोअरचं सूत्र लागू असतं. ते तीन गोष्टी बघतं: शब्द किती दुर्मीळ आहे, डॉक्युमेंटमध्ये किती वेळा आलाय आणि फील्ड (शीर्षक, मजकूर असा डॉक्युमेंटचा भाग) किती लांब आहे. दुर्मीळतेची कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली, ती आजही टिकून आहे. वारंवारितेचा भाग मात्र कागदावर सोडवून पाहाच. त्यातला के१ हा स्थिरांक मुळात १.२ असतो. सरासरी लांबीच्या फील्डमध्ये शब्द एकदा आला तर या भागाची किंमत ०.४५, दोनदा ०.६३ आणि दहादा आला तरी ०.८९. एकच शब्द मजकुरात कोंबून फारसं काही का साधत नाही, ते इथे कळतं.

याच हिशेबात ‘बूस्ट २.२’ दिसतो आणि नवा माणूस तो कुणी लावला म्हणून कोड धुंडाळत बसतो. तो कुणीच लावलेला नसतो. के१ मध्ये १ मिळवून तो आकडा येतो. त्या फील्डवर तो सगळ्यांना सारखाच लागतो.

खरी कसोटी लोकप्रियता मिसळताना लागते. फंक्शन स्कोअरमध्ये, म्हणजे असा बाहेरचा आकडा स्कोअरमध्ये मिसळणाऱ्या क्वेरीत, मूळ स्कोअरला गुणणं हीच मूळ सेटिंग आहे, आणि मला ती बेरजेपेक्षा पटते. बीएम२५ च्या स्कोअरला ठरावीक कमाल मर्यादा नाही. एका क्वेरीत अव्वल निकाल २ वर असतो, दुसरीत १५ वर. दोन्हीकडे लोकप्रियतेचे ५ मिळवले तर पहिल्या क्वेरीत शब्दांची जुळणी जवळपास पुसली जाते. व्ह्यूजचा आकडा कच्चा गुणू नका, त्यात १ मिळवून लॉग (लॉगॅरिदम) घ्या, म्हणजेच लॉगवनपी: १० व्ह्यूजचे १.०४ होतात, १ लाखाचे ५. पण लॉगवनपीत शून्य व्ह्यूजचा लॉगही शून्य, आणि शून्याने गुणलं की आज आलेलं, अगदी चपखल डॉक्युमेंटही तळाला! तिथे १ ऐवजी २ मिळवणारा लॉगटूपी वापरा.

शार्ड (डेटा ज्यांत विभागून ठेवतात ते तुकडे) अनेक आणि डेटा थोडा असेल तर चाचणीत स्कोअर विचित्र येतात, कारण दुर्मीळता शार्डनिहाय मोजली जाते. तेवढ्यापुरतं डीएफएस क्वेरी देन फेच लावा, म्हणजे दुर्मीळता सगळ्या शार्डची मिळून मोजली जाते.

हे सगळं ‘आता बरं दिसतंय’ एवढ्या भरवशावर करू नका. सर्चच्या नोंदींमधून नेहमीच्या आणि क्वचितच्या अशा दोन्ही क्वेरी उचला, विषयाच्या जाणकारांकडून निकालांना ० ते ३ गुण घ्या आणि प्रत्येक बदलानंतर एनडीसीजी (चांगले निकाल किती वर आले ते सांगणारं माप) मोजा. एका वेळी एकच बदल. क्वेरी आणि गुणांची ही यादी करायला वेळ लागतो, कंटाळा येतो, वरिष्ठ घाई करतात. तरीही ती आधी करा. लर्निंग टू रँकचं, म्हणजे निकालांचा क्रम मशीन लर्निंगने लावण्याचं, नाव टीममध्ये निघेल तेव्हा मॉडेलला शिकवायला पहिल्यांदा हीच यादी लागेल.