वैद्यकीय संज्ञा पाठ करण्याआधी

सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याला ॲनाटॉमीपेक्षा (शरीररचनाशास्त्रापेक्षा) तिच्यातील संज्ञांचेच दडपण अधिक येते. त्या वर्षाचा माझा अनुभव असा, की प्रत्येक संज्ञेचा मराठी प्रतिशब्द शोधत बसण्यापेक्षा तिची फोड करणे अधिक उपयोगी पडते. समास सोडवण्याची सवय आपल्याला शाळेपासून असतेच.

सुरुवात शेवटच्या घटकापासून करावी. 'आयटिस' म्हणजे शोथ (दाहाची सूज), 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणे, 'ऑटॉमी' म्हणजे छेद घेणे. 'ऑस्टॉमी'मध्ये मात्र तोंड या अर्थाचा 'स्टोमा' हा ग्रीक शब्द आहे, म्हणून कोलोस्टॉमीत मोठ्या आतड्याला पोटावर नवे तोंड करून दिलेले असते.

त्यानंतरचा गोंधळ एकाच अवयवाला दोन नावे असण्याचा. मूत्रपिंडाची धमनी 'रीनल', पण त्याचा शोथ 'नेफ्रायटिस'. फुप्फुसाची धमनी 'पल्मनरी', पण आजार 'न्यूमोनिया'. अवयवांची नावे बहुधा लॅटिन आणि रोगांची व शस्त्रक्रियांची बहुधा ग्रीक, एवढे ध्यानात ठेवले की ही जोडनावे वैरी वाटत नाहीत. नियम ढोबळ आहे. यकृताच्या 'हेपॅटिक' धमनीचे नाव ग्रीकच आहे.

हाडांची नावे ठेवणाऱ्यांची नजर मला फार आवडते. टिबिया (नडगीचे हाड) म्हणजे बासरी, क्लॅव्हिकल (गळ्याखालचे आडवे हाड) म्हणजे छोटी किल्ली, ॲसिटॅब्युलम (खुब्याची खोबण) म्हणजे व्हिनेगरची वाटी. पण सर्वांत उपयोगी नाव मांडीतील सार्टोरियस या स्नायूचे, कारण लॅटिनमध्ये 'सार्टर' म्हणजे शिंपी. मांडी घालून शिवत बसलेला शिंपी डोळ्यांसमोर आणला, की मांडी वर उचलणे, बाहेरच्या बाजूला नेणे व वळवणे आणि गुडघा दुमडणे ही या स्नायूची सारी कामे ओळीने सांगता येतात. (शालेय गणवेशांच्या व्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या गावात शिंपी आता मशीनपुढे बसतो, हा भाग वेगळा.)

मात्र व्युत्पत्ती म्हणजे व्याख्या नव्हे. मृत्यूनंतर धमन्या बव्हंशी रिकाम्या आढळत, म्हणून प्राचीन ग्रीकांना त्या हवेच्या नळ्या वाटल्या आणि 'आर्टरी' या नावात ती समजूत राहिली; त्यांत रक्त असते हे दुसऱ्या शतकात गॅलेन या वैद्याने दाखवूनही नाव बदलले नाही. 'मलेरिया' म्हणजे इटालियन भाषेत दूषित हवा. त्याचे परजीवी डासाच्या शरीरात वाढतात हे ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी 1897 मध्ये सिकंदराबादेत पाहिले, तरी हवा नावातून गेली नाही. म्हणून तोंडी परीक्षेत आधी आजची व्याख्या सांगावी, आणि विचारलेच तर मूळ अर्थ.

'डायबेटिस' हा शब्द एकट्याने वापरतानाही जपावे. त्याचा मूळ अर्थ आरपार वाहून जाणे, अर्थात लघवीचे प्रमाण वाढणे, एवढाच आहे. 'मेलिटस' म्हणजे मधासारखा गोड आणि 'इन्सिपिडस' म्हणजे बेचव. इन्सिपिडसमध्ये बिघाड साखरेचा नसून मूत्रपिंडाकडून पाणी राखून ठेवणाऱ्या संप्रेरकाच्या कार्याचा असतो. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागात मराठी, तेलुगू वा कन्नड बोलणारा रुग्ण 'शुगर' म्हणतो. त्याच्याशी बोलताना तोच शब्द वापरावा आणि केसपेपरवर मात्र संज्ञा पूर्ण लिहावी.