कॉम्प्रेसरच्या जोडांमधून गळणारी हवा कशी थांबवावी

घरातल्या वर्कशॉपमध्ये कोणी काम करत नसतानाही कॉम्प्रेसरची मोटर दर काही मिनिटांनी आपोआप सुरू होत असेल, तर कुठेतरी हवा गळते आहे हे नक्की समजावे. अशा वेळी बहुतेक जण टेफ्लॉन टेप घेतात, दिसेल त्या जोडावर गुंडाळतात आणि जोर लावून आवळतात. काही गळत्या त्याने थांबतात. पण पुष्कळशा थांबत नाहीत, कारण प्रत्येक जोड आट्यांवरच हवा अडवतो असे नाही. काही जोड वॉशरवर, काही ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर, तर काही नळीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर हवा अडवतात, आणि अशा ठिकाणी टेपचा उपयोग शून्य असतो. म्हणून पाना हातात घेण्यापूर्वी समोरचा जोड नेमका कशाच्या आधारावर हवा धरतो, हे पाहून घ्यावे.

सुरुवात गळती मोजण्यापासून करावी. टाकी पूर्ण भरून मोटरचा प्लग काढावा आणि किमान अर्धा तास थांबावे, कारण नुकतीच भरलेली हवा गरम असते आणि ती थंड होताना काटा काहीसा खाली येतोच. ती घट गळतीची नसते. त्यानंतर दाब आणि वेळ लिहून ठेवावी. टाकीची लिटरमधील क्षमता आणि दाबातील बारमधील घट यांचा गुणाकार करून त्याला मिनिटांनी भागले, की दर मिनिटाला किती लिटर हवा वाया जाते ते कळते. ५० लिटरच्या टाकीत २० मिनिटांत ८ बारचे ६ बार झाले, तर मिनिटाला ५ लिटर हवा जात आहे. टाकीला जोडलेली लाइनही त्याच दाबाखाली असेल, तर तिचे आकारमानही यात धरावे, पण घरगुती मांडणीत ते इतके थोडे असते की सोडून दिले तरी चालते. तुलनेसाठी सांगायचे तर ७ बार दाबाला १ मिमीच्या छिद्रातून मिनिटाला सुमारे ६० ते ७० लिटर हवा जाते, म्हणजे लहान कॉम्प्रेसरची बरीचशी मेहनत त्या एका छिद्रावरच खर्च होते.

हीच चाचणी टाकीच्या तोंडावरचा बॉल व्हॉल्व्ह बंद करून पुन्हा करावी. टाकीचा काटा आता स्थिर राहिला, तर दोष पुढच्या लाइनमध्ये आहे; तरीही उतरत राहिला, तर तो टाकीवरच्या एनआरव्ही (हवा उलटी पंपाकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह), ड्रेन कॉक (टाकीतले पाणी काढायचा कॉक), सेफ्टी व्हॉल्व्ह, प्रेशर स्विच किंवा गेज यांपैकी कशात तरी आहे. तिथे बॉल व्हॉल्व्हच नसेल, तर इतर कोणत्याही दुरुस्तीआधी तो बसवून घ्यावा.

जागा शोधायला साबणाचे पाणी पुरेसे असते. भांडी घासायच्या लिक्विड सोपचे काही थेंब पाण्यात घालून ते ब्रशने जोडाभोवती सगळीकडून लावावे. रिठ्याचे पाणीही तितकेच चांगले काम देते. अमोनिया असलेला क्लीनर मात्र पितळेवर वापरू नये, त्याने ताणाखालच्या पितळेला तडे जातात. मोठी गळती लगेच बुडबुडे काढते, पण बारीक गळतीला वेळ द्यावा लागतो: अर्ध्या-एक मिनिटाने आट्यांच्या कडेला ताकावरच्या फेसासारखा पांढरा, दाट फेस जमलेला दिसतो. बुडबुडे आट्यांच्या कडेला न येता फिटिंगच्या अंगावर एका रेषेत येत असतील, तर ती फिटिंग चिरलेली आहे आणि बदलण्यावाचून इलाज नाही. सापडलेल्या प्रत्येक जागी खडूने खूण करावी, मग टाकी पूर्ण रिकामी करावी, काटा शून्यावर आल्याची खात्री करावी आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवूनच जोड उघडायला घ्यावेत. दाबाखाली असलेला जोड "थोडासाच" सैल करणे किंवा आवळणे हे दोन्ही धोक्याचे आहे.

आपल्याकडच्या बहुतेक एअर फिटिंग बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाच्या, आट्यांच्या असतात. दुकानात मागताना मापाचा घोळ होतो तो असा, की पाव इंची, म्हणजे दोन सुती फिटिंगच्या आट्यांचा बाहेरचा व्यास सुमारे १३ मिमी भरतो आणि अर्धा इंचीचा सुमारे २१ मिमी. त्यामुळे पट्टीने मोजून माप सांगण्यापेक्षा जुनी फिटिंगच बरोबर न्यावी. अमेरिकी बनावटीच्या अवजारांना एनपीटी, म्हणजे अमेरिकी मापाचे, आटे असतात आणि ते बीएसपीत बसत नाहीत. पाव इंचात बीएसपीला इंचाला १९ आटे असतात आणि एनपीटीला १८, त्यामुळे एक-दोन फेरे बसून फिटिंग अडकते आणि चूक लगेच ध्यानात येते. अर्धा इंचात मात्र दोन्हींना १४ आटे असतात. फिटिंग निमूट आत जाते, पण आट्यांचा कोन एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६० अंश असल्यामुळे कितीही टेप लावली तरी हवा वाट काढते. अशा ठिकाणी योग्य ॲडाप्टर आणणे हाच उपाय आहे.

बीएसपीतही दोन प्रकार आहेत. टोकाकडे निमुळते होत जाणारे आटे पाचरीसारखे घट्ट बसतात आणि आट्यांवरच हवा अडवतात, म्हणून त्यांना टेप लागते. जुनी टेप पितळी ब्रशने पूर्ण काढावी, कारण तिचे तुकडे आत गेले तर ते स्प्रेगनच्या किंवा सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात जाऊन बसतात. नवी टेप लावताना आट्यांचे टोक आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताण ठेवून, तीन-चार वेढे द्यावेत आणि पहिला आटा उघडा सोडावा. फिटिंग आधी हाताने बसवून मग पान्याने साधारण दीड ते दोन फेरे आवळावी, आणि त्या वेळी समोरचा भाग दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा, नाहीतर मागचा चांगला जोड हलून गळू लागतो. एल्बोचे (काटकोनी फिटिंगचे) तोंड हव्या त्या दिशेला आणण्यासाठी तो उलटा फिरवला की सील मोडतो. तसे झाल्यास तो काढून नव्याने टेप लावावी. जास्त टेप म्हणजे जास्त खात्री, ही समजूत पितळी सॉकेट फोडायला पुरेशी आहे. प्लंबरचा धागा-सफेदा पाण्याच्या नळाला ठीक असतो, पण कोरड्या हवेत तो सुकून आक्रसतो, म्हणून इथे टाळावा. धातूच्या आट्यांसाठी ॲनारोबिक थ्रेड सीलंट टेपपेक्षा सरस पडतो असे माझे मत आहे, कारण त्याचे तुकडे सुटत नाहीत. तो हवा नसलेल्या फटीत धातूच्या संपर्कात घट्ट होतो आणि पूर्ण ताकद यायला त्याला २४ तासांपर्यंत वेळ द्यावा लागतो. प्लॅस्टिकच्या फिटिंगला मात्र तो लावू नये.

दुसऱ्या प्रकारचे आटे सरळ, म्हणजे एकाच व्यासाचे असतात. ते फक्त आवळण्यासाठी असतात. हवा अडवायचे काम खालच्या सपाट पृष्ठभागावरचा वॉशर करतो. तिथे तांब्याचा वॉशर किंवा डाउटी वॉशर, म्हणजे आतून रबराची कडा असलेली धातूची चकती, बसवावी. आवळूनही गळत असेल तर वॉशर काढून बसण्याच्या जागेवर ओरखडा किंवा जुन्या टेपचा कण आहे का ते बोटाने चाचपून पाहावे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्यात बोहरी आळीत अशा वॉशरचा मिश्र संच सहज मिळतो, आणि तो घरात असलेला बरा.

पीयू (पॉलियुरेथेन) नळीच्या पुश फिटिंगमध्ये, म्हणजे नळी नुसती आत ढकलून बसवायच्या फिटिंगमध्ये, दोष बहुधा नळीच्या टोकाचा असतो. कात्रीने तिरके कापलेले किंवा ओरखडे पडलेले टोक आतल्या ओ-रिंगवर नीट बसत नाही, म्हणून नळी १० ते १५ मिमी मागे, धारदार ब्लेडने काटकोनात कापावी आणि तळाला टेकेपर्यंत ढकलावी. रबरी होजचे टोक फाकले असेल, तर तेही कापून नव्या क्लिपने आवळावे. क्विक कपलर, म्हणजे अवजार झटकन जोडायचा-सोडवायचा जोड, त्यातली पिन काढल्यावर गळतो की बसवल्यावर, ते पाहावे: पिन बसवल्यावर गळत असेल तर पुढची ओ-रिंग झिजलेली असते, आणि पिन काढल्यावर गळत असेल तर आतला व्हॉल्व्ह. ओ-रिंग बदलून तिला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. रेग्युलेटरचा पारदर्शक बाऊल धुवायला थिनर वापरू नये, त्याने पॉलिकार्बोनेट तडकते.

प्रेशर स्विचजवळून हवा येत असेल तर बहुतेक जण स्विचच बदलायला निघतात, पण दोष सहसा दुसरीकडे असतो. मोटर थांबताना होणारा क्षणभराचा फुस्स आवाज अपेक्षितच आहे, कारण पंपाच्या डोक्यातला दाब त्या वेळी मोकळा केला जातो. तो आवाज थांबतच नसेल, तर टाकीतली हवा एनआरव्हीमधून उलटी येऊन बारीक नळीवाटे स्विचपर्यंत पोहोचत आहे, असे समजावे. टाकी रिकामी करून आणि डिलिव्हरी पाईप थंड झाल्यावर एनआरव्ही उघडावा, आतली चकती आणि तिच्या बसण्याच्या जागेवरचा काळा थर पुसावा, आणि चकती खडबडीत झाली असेल तर बदलावी. याउलट मोटर चालू असतानाच तिथून हवा जात असेल, तर अनलोडर व्हॉल्व्ह, म्हणजे मोटर थांबताना पंपाच्या डोक्यातला दाब मोकळा करणारा व्हॉल्व्ह, बदलावा.

काही गळत्या दुरुस्त करायच्या नसतात. सेफ्टी व्हॉल्व्ह गळत असेल तर त्याच दाबाचा नवा लावावा, त्याच्या तोंडाला प्लग कधीही मारू नये. टाकीच्या पत्र्यातून बुडबुडे येत असतील, तर पत्रा आतून गंजून पातळ झाला आहे. त्यावर वेल्डिंग किंवा इपॉक्सी पुट्टी न लावता टाकी कायमची बाद करावी. पावसाळ्यात कोकणासारख्या दमट हवेत टाकीत पाणी झपाट्याने साठते, म्हणून त्या दिवसांत ड्रेन कॉक रोज उघडावा. लाइन साध्या पीव्हीसी पाईपची असेल, तर तिचे जोड चिकटवत बसू नये: हा पाईप दाबलेल्या हवेखाली फुटला की त्याचे धारदार तुकडे उडतात, म्हणून ती लाइनच काढून टाकावी.

एकच जोड पुन्हापुन्हा गळत असेल, तर त्याचे कारण बहुधा कंप असतो. कॉम्प्रेसर थेट जीआय पाईपला जोडलेला असला, की पंपाचा प्रत्येक हादरा पहिल्या एल्बोवर जातो आणि आटे हळूहळू सैल होतात. टाकी आणि लाइन यांच्यामध्ये, टाकीच्या कमाल दाबापेक्षा जास्त दाबासाठी बनवलेली अर्धा-एक मीटर लवचीक होज टाकावी, पाईप भिंतीला क्लॅम्पने पक्का करावा आणि कॉम्प्रेसरच्या पायांखाली रबराचे पॅड द्यावेत. मग टाकी भरून, अर्धा तास थांबून, तीच दाबाची चाचणी पुन्हा घ्यावी. तासाभरात काटा अर्ध्या बारपेक्षा कमी उतरला, तर घरगुती कामासाठी तेवढे पुरे आहे.