गिऱ्हाईक वेबसाइटवर येतं, पण घेत नाही? या चुका टाळा

दुकानातून रिकाम्या हाताने जाणारं गिऱ्हाईक निदान ‘जरा फिरून येतो’ एवढं तरी म्हणतं. वेबसाइटवरून जाणारं तेही म्हणत नाही. मग मालक जाहिरातीचं बजेट वाढवतो, नाहीतर बॅनरचा रंग बदलतो. रंगामुळे गिऱ्हाईक गेलंय असं फार क्वचित होतं. ते जातं बहुतेक वेळा ‘घ्यायचं’ असं ठरवल्यानंतर, पैसे भरायच्या आधीच्या दोन-तीन मिनिटांत. त्याआधीच्या दोन चुका मात्र उरकून घेऊ.

पान उघडतच नाही

पहिली चूक फोटोंच्या वजनाची. मोबाइलने काढलेला फोटो सहज ४-५ एमबीचा असतो. तो तसाच चढवला आणि एका पानावर बारा साड्या मांडल्या की पन्नास एमबीचं ओझं झालं. दुकानातल्या वायफायवर मालकाला ते जाणवत नाही, एसटीत बसलेल्या बाईला जाणवतं. गूगलच्या निकषाप्रमाणे पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसायला हवा. फोटो बाराशे-पंधराशे पिक्सेल रुंदीचे करा, वेबपी (WebP) या हलक्या फाइल-स्वरूपात साठवा, म्हणजे प्रत्येकी दीडदोनशे केबीत काम भागतं. ‘लेझी लोडिंग’ (म्हणजे ग्राहक तिथवर सरकला की मगच फोटो उतरवणं) खालच्या फोटोंना लावा, सगळ्यात वरच्या फोटोला लावू नका, नाहीतर तोच उशिरा येतो. आणि मुख्य पानावरचा तो सरकता स्लायडर सरळ काढून टाका.

पाहायचंय ते दिसत नाही

येवल्याची पैठणी घ्या. जाणकार बाई दुकानात आधी पदर उलटा करून बघते. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरचे मोर-पोपट दोन्ही बाजूंनी जवळपास सारखेच दिसतात, यंत्रमागावरच्या साडीत मागे सुटे धागे दिसतात. वेबसाइटवर मात्र मॉडेलचे सहा फोटो, उलट्या बाजूचा एकही नाही! हजारो रुपयांची साडी कोण अशी घेईल? पदराची मागची बाजू, काठ जवळून, दिवसाच्या उजेडातला रंग, ब्लाउजपीस धरून लांबी, अस्सल रेशमाची खूण असलेलं सिल्क मार्कचं लेबल, हे सगळं दाखवा. ‘प्रीमियम क्वालिटी’ या शब्दांनी काहीच कळत नाही. हापूसचंही तेच. ‘मोठा आंबा, ५ डझन’ म्हणजे किती मोठा? एका फळाचं वजन ग्रॅममध्ये लिहा, आणि पेटी कच्ची येणार की तयार, तेही.

मजकूर मराठीत असेल तर तो युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर अक्षरं नीट दिसतात. छपाईसाठीच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधून उचलून चिकटवलेलं वर्णन ग्राहकाला अगम्य चिन्हांसारखं दिसतं.

शेवटच्या पानावरचा धक्का

वस्तू ८९९ ची, आणि शेवटी कुरिअरचे १२०, पॅकिंगचे ४०, कॅश ऑन डिलिव्हरीचे ५०. माणूस पैशांपेक्षा जास्त लपवाछपवीला चिडतो. भरवशाचा तर प्रश्न आहेच, शिवाय कायद्याचाही आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार एकूण किंमत तपशिलासह दाखवावी लागते, आणि संमतीच्या चौकटीत आधीच टिक करून ठेवता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘डार्क पॅटर्न’विरोधी, म्हणजे गिऱ्हाईकाला फसवणाऱ्या मांडणीविरोधी, मार्गदर्शक सूचना आल्या. त्यांत १३ प्रकार नावानिशी दिले आहेत. शुल्क उशिरा उघड करणं, न विचारता टोपलीत काहीतरी टाकणं आणि खोटी घाई लावणं हे त्यांतलेच. पान रिफ्रेश केलं की पुन्हा दहा मिनिटांपासून सुरू होणारा तो टायमर लोकांना केव्हाच कळलाय.

फॉर्म

खरी गळती इथे होते. आधी खातं उघडा, मग पासवर्ड, मग ईमेलवरचा दुवा. एक पेटी आंबे घेणाऱ्याला हे कशासाठी? नाव, मोबाइल आणि पत्ता पुरे, खातं नंतर उघडता येईल.

मोबाइल नंबरची गंमत बघा. ब्राउझर आपणहून नंबर भरतो, पण +९१ आणि मधल्या रिकाम्या जागेसकट. फॉर्म म्हणतो, ‘क्रमांक अवैध’. ग्राहक पुन्हा बघतो, नंबर तर बरोबर आहे! त्यात ही लाल ओळ पानाच्या वरच्या टोकाला, आणि ग्राहक खाली बटणापाशी. त्याला वाटतं, बटणच चालत नाही. जास्तीची चिन्हं प्रोग्रामनेच काढून टाकावीत. चूक दाखवायची तर त्या रकान्याखालीच दाखवा, आणि भरलेलं बाकी सगळं तसंच राहू द्या.

पिनकोड वस्तूच्या पानावरच विचारा. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून ही सहा आकड्यांची सोय आहे (ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच). तरी कित्येक ठिकाणी सगळा पत्ता भरून झाल्यावर कळतं की तिकडे माल पोचत नाही. ‘जवळची खूण’ हा रकानाही ठेवा. गावाकडे मारुतीच्या देवळाशिवाय कुरिअरवाल्याला घर सापडत नाही.

पैसे भरताना

मोबाइलवर क्यूआर दाखवणं हा अजब प्रकार अजून दिसतो. स्वतःच्या हातातल्या फोनचा पडदा माणूस कशाने स्कॅन करणार? बटण दाबलं की यूपीआय ॲप थेट उघडलं पाहिजे.

त्याहून वाईट म्हणजे पैसे कापले, ऑर्डर नाही. पैसे भरून ग्राहक ॲप बंद करतो, ब्राउझरवर परत येतच नाही, आणि वेबसाइट तो परत येण्याचीच वाट बघत बसते. पेमेंट गेटवेचा (तुमच्या वतीने ऑनलाइन पैसे स्वीकारणाऱ्या सेवेचा) सर्व्हर थेट तुमच्या सर्व्हरला निरोप देतो, त्याला वेबहुक म्हणतात. ऑर्डर त्या निरोपावर नोंदली गेली पाहिजे. आपल्याकडे तशी नोंदली जाते का, हा एकच प्रश्न डेव्हलपरला विचारा. तरीही व्यवहार अडकलाच, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे विक्रेत्यापर्यंत पुष्टी न पोचलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी, पुढे रोज १०० रुपये भरपाई. हे ग्राहकाला तिथल्या तिथे मराठीत सांगा, सोबत उचलला जाणारा फोन नंबर द्या.

परतीचं धोरण कुठून तरी उचललेलं नको. पेटीत चार आंबे सडके निघाले तर काय, एवढं दोन ओळींत लिहा. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं बंधनकारक आहे, आणि तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते.

आता घरातल्या कुणाच्या तरी साध्या फोनवर, वायफाय बंद करून, एक खरी ऑर्डर त्यांनाच करायला सांगा. शेजारी बसा, पण काही सुचवू नका. मग तीच ऑर्डर रद्द करून पैसे किती दिवसांत परत येतात तेही मोजा.