गावातल्या नाटकाला मदत करायचीय? आधी खोली द्या

परभणीत पस्तीस वर्षं वकिली केली. त्यातली निम्मी वर्षं तरी संध्याकाळी सातनंतर माझ्या ऑफिसात अशील कमी आणि नट जास्त. "वकीलसाहेब, नाटकाला मदत करायचीय, काय करू?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, नारळ फोडायला जाऊ नका, तालमीला जागा द्या.

प्रयोगाचा हॉल कुणीतरी घेऊन देतंच. तिथं बॅनर लागतो ना! पण दीड महिना रोज रात्री आठ ते अकरा पोरांनी उभं कुठं राहायचं? मी ऑफिसमागची खोली दिली. अटी दोनच: चावी एकाच्याच खिशात आणि खुर्च्या परत भिंतीला. चहाची उधारी माझ्या नावावर. फरशीवर खडूनं रंगमंचाचं माप आखून घ्या, विंगा कुठं तेही. पहिल्या वर्षी आखलं नव्हतं. प्रयोगात राजा थेट विंगेत घुसला.

मग कागद. नाटकवाल्यांना त्याचा भारी कंटाळा. संस्था नोंदवायला किमान सात जण लागतात, हे सगळ्यांना ठाऊक. घोळ पुढं होतो. विश्वस्त संस्थेची कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. एका मंडळानं तो बारा वर्षं दिलाच नव्हता. अध्यक्ष वारले, सचिव पुण्याला, बँकेत सही करायला माणूसच नाही! फी घेतली नाही मी, पण बोललो भरपूर.

लेखकाची परवानगी लेखीच घ्या. "जुनं नाटक आहे हो" चालत नाही; लेखक वारल्यावरही ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे आपल्या भाषेत सेन्सॉरला, वेळेत पाठवा. राज्य नाट्य स्पर्धेच्या तोंडावर पळापळ नको.

पैसे द्यायचे तर टेम्पोवाल्याचं, लाइटवाल्याचं बिल परस्पर भागवा. संस्थेला देणगी देऊन आयकरात सूट हवी असेल तर २००० च्या वर रोख चालत नाही, चेक द्या. आणि पास मागू नका. मी तिकीट काढून सहाव्या रांगेत बसतो. आवाज तिथवर येतो का, ते कळतं.

भाच्याला भूमिका द्या, असंही म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. दिग्दर्शकानं त्याला पडदा ओढायला बसवलं. अजून तोच ओढतो.