खारट झालेले सूप : माझा अनुभव

गेल्या रविवारी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या घरी मी टोमॅटो-गाजराचे सूप केले होते. त्यात मीठ घातलेले आहे हे ठाऊक नसल्याने सासूबाईंनी तेवढेच मीठ पुन्हा घातले आणि दीड लिटर सूप तोंडात धरवेना.

प्रथम मी सोललेला बटाटा घालून ते वीस मिनिटे उकळले. परंतु बटाटा खारट पाणी शोषून घेतो, त्यातील मीठ तेवढे वेचून काढत नाही, त्यामुळे खारटपणा कमी झाला नाही, उलट पाणी आटल्याने तो किंचित वाढलाच. (बटाटा मात्र सासूबाईंनी आवडीने खाल्ला.)

अखेर निम्मे सूप बाजूला काढले आणि उरलेल्यात साधारण तेवढाच, बिनमिठाचा शिजवून मिक्सरमधून काढलेला दुधी मिसळला. मिठाचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले, शिवाय केवळ पाणी घातल्यावर येतो तसा पांचटपणाही आला नाही. टोमॅटोचा आंबटपणा होताच, म्हणून लिंबू टाळले. चिमूटभर साखर आणि दोन चमचे साय यांनी उरलासुरला खारटपणा झाकला गेला.

बाजूला काढलेले सूप दुसऱ्या दिवशी मुगाच्या अळणी वरणात संपले.