मोह येण्याआधीची तयारी : मैदानावरून ख्रिस्ती जीवनासाठी शिकण्याजोगे

प्रेषित पौल करिंथ शहरात दीड वर्ष राहिला. त्या शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन स्पर्धा भरत आणि विजेत्याला पाइनच्या डहाळ्यांचा किंवा सुकवलेल्या सेलरीचा मुकुट मिळे. तो मुकुट काही दिवसांतच कोमेजून जाई. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल या खेळाडूंचा दाखला देतो तेव्हा त्यांच्या वेगापेक्षा किंवा बळापेक्षा त्यांच्या संयमाकडे बोट दाखवतो : अशा नाशवंत मुकुटासाठी ते सर्व बाबतींत स्वतःला आवरतात. स्पर्धेच्या दिवशी दिसणारी कामगिरी आधीच्या कित्येक महिन्यांच्या खाण्या-झोपण्यात आणि सरावात घडलेली असते. मोहाचेही तसेच आहे. मोह समोर उभा राहिल्यावर मनाशी झुंजणारा बहुधा उशिरा जागा झालेला असतो. म्हणून आपल्या मराठवाड्यातील मंडळ्यांच्या तरुण-तरुणींसाठी, त्यातही शिक्षणासाठी लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला खोली घेऊन राहणाऱ्यांसाठी, ही तयारी कशी करावी ते येथे मांडले आहे.

पहिले काम अडथळे ओळखण्याचे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे याने २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. हर्डल्सच्या शर्यतीतील अडथळा पाय लागला तर आडवा पडतो. स्टीपलचेसचा अडथळा जागचा हलत नाही, पडतो तो धावणारा. मात्र प्रत्येक अडथळ्याची जागा आधीपासून ठाऊक असते, त्यामुळे चांगला धावपटू चार-सहा पावले अलीकडेच आपली ढांग जुळवून घेतो. आपल्या मोहांच्या जागाही बहुतेक वेळा ठरलेल्याच असतात. एक आठवडाभर वहीत प्रामाणिकपणे नोंद ठेवावी : मन कोणत्या वेळी, कोणत्या ठिकाणी आणि कोणाच्या सोबतीत घसरले. कोणाच्या नोंदीत रात्री अकरानंतर हातात राहिलेला मोबाइल येईल, कोणाच्या नोंदीत सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचे पैसे, हाती पडल्याचा दिवस, कोणाच्या नोंदीत वरातीत पुढे केलेला पेला, तर कोणाच्या नोंदीत घरच्यांशी फोनवर झालेल्या भांडणानंतरचा तास. प्रत्येक नोंदीपुढे त्या वेळी आपण थकलेले, उपाशी किंवा एकटे होतो का, हेही लिहावे. स्टीपलचेसमध्ये शेवटच्या फेऱ्यांत जड झालेले पाय अडथळ्याला अडखळतात, आणि प्रभू येशूपुढेही सैतान आला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागलेली असताना.

दुसरे काम मर्यादा आधी ठरवण्याचे, आणि येथे कबड्डीइतका नेमका शिक्षक दुसरा नाही. चढाईपटू मध्यरेषा ओलांडून येतो, समोर सात बचावपटू उभे असतात. मध्यरेषेपुढे ‘निदान रेषा’ असते आणि तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा असते. समोर किमान सहा बचावपटू असताना तिच्या पलीकडे एक पाय टेकवून दुसरा हवेत ठेवला की कोणालाही न शिवता गुण मिळतो. अनुभवी कोपरारक्षक काय करतो ते बारकाईने पाहावे. तो हलकेच मागे सरकतो, हात सैल सोडतो, जणू त्याचे लक्ष दुसरीकडेच आहे. चढाईपटूला मोकळी जागा दिसते, एकच गुण आहे, एकच पाऊल आहे, आणि तो पाय लांबवतो. त्याच क्षणी त्याचा सगळा तोल एका पायावर आलेला असतो, मध्यरेषा पावणेपाच मीटर मागे राहिलेली असते, आणि कोपऱ्याचे दोन्ही हात त्याच्या घोट्यावर पडतात. नंतर हातात हात धरलेल्या बचावपटूंची साखळी येऊन मिटते ती केवळ औपचारिकता म्हणून.

याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात हाच क्रम सांगितला आहे : माणूस आपल्याच वासनेने ओढला जातो व भुलवला जातो, वासना पापाला जन्म देते आणि पाप वाढून मरणाला. पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ साली कायद्याने बंदी आली, तरी अशा खेळाची लिंक मित्राकडून येते तेव्हा ती ‘पन्नास रुपये लावून तर बघ’ एवढेच म्हणते. म्हणून ‘किती पुढे गेलेले चालेल’ हा विचार खेळ सुरू असताना करू नये. चढाईला निघण्यापूर्वीच आपली रेषा आखावी आणि ती कागदावर लिहावी. मोबाइल दहा वाजता दुसऱ्या खोलीत किंवा घरमालकांच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावावा. पट्टीचे पैसे त्याच दिवशी आईच्या किंवा पत्नीच्या हाती द्यावेत. वरातीत जेवणापर्यंतच थांबावे आणि परत येण्यासाठी गाडीची सोय आधीच करून ठेवावी. आणि तरीही वेळ आलीच, तर पळावे. चढाईपटू मध्यरेषेकडे धावत सुटतो तेव्हा त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. पोटीफराच्या घरी त्याच्या पत्नीने मोह घातला तेव्हा योसेफाने वाद घातला, पण शेवटी वस्त्र तिच्या हातात सोडून तो बाहेर पळाला. खोलीतून उठून जाताना कारण सांगत बसण्याची गरज नाही. कारण नंतरही सांगता येते.

तिसरे काम, जे आपल्याकडे सर्वांत कमी होते, ते म्हणजे दुसऱ्याला तपासू देणे. उत्तेजक चाचणीच्या नोंदणीकृत यादीतील खेळाडूला दररोजचा ६० मिनिटांचा असा वेळ आधीच कळवावा लागतो, की त्या वेळी तो कोठे भेटेल हे तपासनिसाला ठाऊक असावे. बारा महिन्यांत ही वेळ न कळवण्याच्या किंवा त्या वेळी न भेटण्याच्या तीन चुका झाल्या तर शरीरात काहीही सापडलेले नसतानाही दोन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. प्रामाणिक खेळाडू याला अपमान मानत नाही. आपणही एक सोबती निवडावा : तरुणाने मंडळीतला भाऊ, तरुणीने मंडळीतली बहीण, वयाने व विश्वासाने थोडा पुढे गेलेला, आणि आपल्याच दुर्बलतेत न अडकलेला. आठवड्यातील एक वेळ ठरवावी, त्याला वही दाखवावी, त्याने मागितला तर मोबाइलही द्यावा. लहान गावच्या मंडळीत एकाची गोष्ट संध्याकाळपर्यंत सर्वांच्या तोंडी होते, ही भीती खरी आहे आणि ती हसण्यावारी नेऊ नये. म्हणूनच सोबती निवडताना तो किती चांगले बोलतो यापेक्षा तो किती गप्प राहू शकतो, हे आधी पाहावे. पाळकांनाच सांगितले पाहिजे असे नाही, परंतु त्या दोघांची अशी भेट होते एवढे पाळकांना माहीत असणे हिताचे आहे.

वचन पाठ करण्याकडे आता अनेक घरांत दुर्लक्ष होते, याचे मला वाईट वाटते. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली खो-खोसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला. हा खेळ जवळून पाहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे की खांबापाशी वळताना खेळाडू विचार करत नाही, शेकडो वेळा घोटलेले अंग आपोआप वळते. अरण्यात येशूने सैतानाला तिन्ही वेळा उत्तर दिले ते जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातून, आणि त्या वेळी त्याच्या हातात गुंडाळी नव्हती. वहीत जो अडथळा सर्वाधिक वेळा आला असेल त्याला लागू पडणारे एकच वचन घ्यावे, ते आठवडाभर सकाळी मोठ्याने म्हणावे, आणि मगच दुसऱ्या वचनाकडे वळावे.

जिंकल्यानंतरचे दिवसही जपावेत. सैतान येशूला सोडून गेला तो संधी मिळेपर्यंत, असे लूक लिहितो. दावीद राजाचे परस्त्रीच्या मोहात पतन झाले तेव्हा त्याचे सैन्य लढाईवर होते आणि तो यरुशलेमेत निवांत, संध्याकाळी गच्चीवर फिरत होता.

एवढे सगळे करूनही कोणी पडेल. कबड्डीत बाद झालेला खेळाडू स्वतःच्या पराक्रमाने मैदानात परतत नाही. सहकाऱ्याने प्रतिपक्षाचा गडी बाद केला की त्याला पुन्हा आत येता येते. आपल्यासाठी तो विजय प्रभूने वधस्तंभावर मिळवलेला आहे, आणि आपण आपली पापे कबूल केली तर तो क्षमा करण्यास विश्वासू आहे, असे योहानाच्या पहिल्या पत्रात सांगितले आहे. पडलेले तरुण बहुधा लाजेने पुढचे तीन-चार रविवार उपासना चुकवतात, आणि माझ्या मते मूळ पापापेक्षाही या रविवारांत त्यांचे अधिक नुकसान होते. म्हणून त्याच संध्याकाळी देवाजवळ पापाचे नाव घेऊन ते कबूल करावे आणि झोपण्यापूर्वी सोबत्याला फोन करावा. सोबत्याने त्या फोनवर सविस्तर चौकशी करू नये, त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि रविवारी सकाळी त्याच्या खोलीवर जाऊन त्याला उपासनेला बरोबर घेऊन यावे. वही त्यानंतरच्या ठरलेल्या भेटीत उघडावी.